एक गाठ जास्त

साकोली मागे पडली की डांबर संपतं, मग नुसती पाळ.
डावीकडे तलाव, उजवीकडे धान,
मांडीवर माझी फाईल :
चिरकाल मूल्याचे अभिलेख, संपादन व जतन.
ड्रायव्हर चांगदेव विचारतो, चिरकाल म्हणजे किती वर्सं?
मी म्हणते, तीसच्या पुढे सगळं चिरकालच.
तो हसतो. त्याच्या जीपचा विमा मार्चमध्ये संपतो.

पुस्तकला शहारे दारातच उभी.
नाव खरंच पुस्तकला. शाळा दुसरीपर्यंत.
तिचा आजेसासरा झिंगर, या गावचा कोतवाल,
जन्ममृत्यूची वही काखेत मारून
दर पंधरवड्याला ठाण्यावर जायचा,
सात कोस, पायी.
वही धानाच्या ढोलीत होती, कडुनिंबाच्या पाल्यात.
उधईनं फक्त कोपरे चाखले.
मधली माणसं शाबूत.

मी हातमोजे घालते. पान उलटते.
मुलगी. बाप सोमा. बुधवार.
मयत, हैजा. मयत, हैजा. मयत, हैजा.
मग नुसतंच सदर. सदर. सदर.
मुन्शीचा हात दुखला असावा.
मुलगा, नाव ठेवणे बाकी,
आणि त्याच पानावर, खाली, तोच मुलगा,
नाव अजून बाकी.

"बुढ्याले लिवता कुठं येत होतं," पुस्तकला म्हणते,
आणि कोनाड्यातून काढते अंबाडीची दोरी,
धुरानं काळी, वेटोळं घातलेली.
"हैजाच्या सालाची येवढीच उरली.
जलमाची साधी गाठ, मयताची दुहेरी.
ठान्यावर दोरी बोटातून सरकवत सांगे,
मुनशी लिवे.
हे लिवन्याच्या आधीचं हाय बाई. हेबी न्या."

फॉर्मवर रकाने आहेत :
कागद, ताडपत्र, नकाशा, छायाचित्र, ध्वनिफीत.
मी 'इतर'पाशी थांबते.

अंगणात बसून आम्ही मोजलं.
ती बोटानं, मी पेन्सिलीनं.
गाठ, ओळ. गाठ, ओळ.
चहा निवला. शेजारची बकरी येऊन
नियमावलीचं एक पान हुंगून गेली.
वहीत त्या सालच्या ओळी एकशे पंचवीस.
दोरीवर एक गाठ उरली.
दुहेरी.

पुन्हा मोजलं, उलट्या टोकाकडून.
चांगदेवनंही मोजलं, हात धुऊन.
उरलीच.

मुन्शी जेवायला उठला असेल.
नाहीतर दौत सांडली.
नाहीतर ते माणूस असं, की त्याची ओळ नको
हे कुणीतरी न बोलता ठरवलं.
नाहीतर बोट त्या गाठीपाशी आलं
आणि झिंगरलाच सांगवलं नाही,
पुढे सरकवली दोरी.

"त्याची पयली बायको त्याच साली गेली म्हनत,"
पुस्तकला म्हणते. "पक्कं मालूम नाही."
मग जरा थांबून,
"पक्कं मालूम नाही, हेबी लिवा."

लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
कारण दिल्लीनं तो रकाना
दोन बोटांएवढाच ठेवलाय.

पावती फाडली :
वही एक, पानं एकशे बारा.
दोरी एक, गाठी
इथं पेन अडखळलं. वहीतल्या की दोरीवरच्या?
एकशे सव्वीस लिहिलं. पुढे, मोजून.
पुस्तकलानं अंगठा नाही लावला, सही केली.
'क'च्या पोटाला वेळ लागला.
पावती घडी करून ढोलीत ठेवली,
वही होती तिथंच, पाल्याखाली.

निघताना जीपच्या काचेशी आली.
"तिथं थंडी मशीन असते म्हनत.
दोरी सैल त नाही पडनार?"

मी नाही म्हणाले.
फाईलीत तसं कुठं लिहिलेलं नाही.

पाळीवर चांगदेवनं गाडी हळू घेतली, न सांगता.
मांडीवर खोका.
तलावात कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
जाळं सोडवत होतं,
गाठ गाठ बघत.